साध्या नाण्याला संग्राहकांच्या बाजारात भाव कशामुळे येतो?

यवतमाळ : ‘पाच रुपयांचे जुने नाणे द्या आणि घरबसल्या लाखो रुपये मिळवा’ अशा मजकुराच्या जाहिराती गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या पडद्यावर सातत्याने झळकत आहेत. त्या वाचून घरोघरी गल्ले रिकामे केले जातात, देवघरातील तबके तपासली जातात आणि आजीच्या गाठोड्यातील रुपये उजेडात येतात. दुसरीकडे खरोखर संग्राह्य असलेले एखादे नाणे सराफाच्या तराजूत वजनावारी मोडीत निघते आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नुकसान दोन्हीकडे आहे आणि त्याचे कारण एकच : नाण्याची किंमत कशावर ठरते, याची नेमकी माहिती नसणे.

नाण्याला तीन वेगवेगळ्या किमती असतात. पहिली त्यावर छापलेली दर्शनी किंमत, दुसरी त्यातील धातूची आणि तिसरी संग्राहक द्यायला तयार असतो ती. पहिल्या दोन किमती कोणालाही काढता येतात. तिसरी मात्र मागणी आणि उपलब्धता यांच्या ओढाताणीतून ठरते. त्यातही ‘उपलब्धता’ म्हणजे टाकसाळीतून किती नाणी बाहेर पडली एवढेच नव्हे. त्यांपैकी आज किती शिल्लक आहेत आणि चांगल्या अवस्थेत किती आहेत, हा हिशेब अधिक महत्त्वाचा असतो.

जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे

नाणे जितके जुने तितके मोलाचे, हा सर्वांत रूढ गैरसमज होय. व्हिक्टोरिया राणीच्या मुद्रेचा १८६२ सालचा चांदीचा रुपया हे त्याचे चांगले उदाहरण. विदर्भात ‘कलदार’ किंवा ‘राणीछाप’ म्हणून ओळखले जाणारे हे नाणे दीडशे वर्षांहून जुने आहे. पण ते मुळीच दुर्मिळ नाही. १८६२ हे साल ठशावर कायम ठेवून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले जात होते. त्यामुळे बारा-तेरा वर्षांचे उत्पादन एकाच सालाच्या नावावर जमा झाले आहे. अभ्यासक त्यातील सूक्ष्म ठिपक्यांवरून आणि ठशांतील फरकांवरून उपप्रकार ठरवतात व त्यातील काही उपप्रकारांना अधिक भाव येतो. एरवी झिजलेला १८६२चा रुपया चांदीच्या भावाच्या आसपासच विकला जातो. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५चा तांब्याचा पाव आणाही असाच. जुन्या घरांच्या पडझडीत, आठवडी बाजारातील मोडीच्या दुकानांत तो सहज सापडतो.

याउलट सहाव्या जॉर्जच्या १९३९ सालच्या रुपयाचे आहे. वयाने तो बराच तरुण. पण बहुतेक नाणी पुन्हा वितळवली गेल्याने आज मोजकीच शिल्लक आहेत. भारतीय नाण्यांच्या संग्राहकांत हा रुपया अत्यंत प्रतिष्ठेचा मानला जातो. साहजिकच दुसऱ्या सालच्या नाण्यावर आकडा कोरून बनवलेले बनावट ‘१९३९’ही पुष्कळ फिरतात. जाणकाराच्या तपासणीशिवाय अशा नाण्याला अस्सल मानण्याची प्रथा नाही.

पाचव्या जॉर्जच्या १९११च्या रुपयाची हकिकत याहून रंजक आहे. राजाच्या अंगावरील झग्यावर एका मानचिन्हात हत्तीची आकृती होती. तिची सोंड इतकी आखूड कोरली गेली, की लोकांना तो डुक्कर वाटला. धार्मिक भावना दुखावल्याची ओरड झाली आणि सरकारने नाणे आवरते घेतले. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांपैकी सुमारे सात लाखच लोकांच्या हाती पोहोचले. उरलेले वितळवण्यात आले. १९१२च्या रुपयावर सोंड लांब दिसते. एवढी चमकदार कथा पाठीशी असूनही हा ‘डुक्करछाप’ रुपया लाखोंचा झालेला नाही. सात लाखांतील पुरेशी नाणी टिकून राहिली आणि मागणी असणाऱ्यांना ती मिळत गेली. इतर सालांच्या रुपयांपेक्षा त्याला अधिक भाव आहे, इतकेच. गोष्ट मोठी म्हणून किंमत मोठी, असे या बाजारात घडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी १९४३ ते १९४७ या काळात काढलेला ‘भोकाचा पैसा’ही ज्येष्ठांच्या आठवणीत आहे. मध्यभागी मोठे भोक असल्याने अनेकांनी तो नटबोल्टाखालची चकती म्हणून वापरला. प्रचंड संख्येने पाडला गेल्यामुळे आजही तो अल्प किमतीत मिळतो. १९४७चा वाघाचे चित्र असलेला रुपया तर चांदीचा नसून निकेलचा आहे. स्वातंत्र्याचे वर्ष म्हणून त्याला भावनिक मोल असले, तरी बाजारात त्याची टंचाई नाही.

सालाखालची खूण

रोजच्या व्यवहारातील नाण्यात संग्राहक सर्वप्रथम काय पाहतो? सालाच्या आकड्याखालची बारीक खूण. देशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार सरकारी टाकसाळी आहेत. त्यांपैकी नोएडाची टाकसाळ १९८८मध्ये सुरू झाली. मुंबईच्या नाण्यावर सालाखाली चौकटीच्या आकाराची, हैदराबादच्या नाण्यावर चांदणीची आणि नोएडाच्या नाण्यावर गोल ठिपक्याची खूण असते. हैदराबादच्या काही जुन्या नाण्यांवर दुभंगलेली किंवा ठिपका असलेली चौकटही आढळते. कोलकात्याच्या नाण्यावर कोणतीच खूण नसते. ‘खूण नसलेले नाणे दुर्मिळ’ अशी बतावणी करून अशी नाणी चढ्या दराने विकली जातात. प्रत्यक्षात ते कोलकात्याचे नेहमीचे नाणे असते.

टाकसाळींची क्षमता अपुरी पडली, तेव्हा भारतीय नाणी परदेशांतही पाडून घेण्यात आली. १९८५ साली ब्रिटन, कॅनडा आणि दक्षिण कोरियात, तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, स्लोव्हाकिया आणि रशिया या देशांत हे काम झाले. १९८५च्या काही रुपयांवर दिसणारे इंग्रजी ‘एच’ अक्षर हे बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचे चिन्ह आहे. ज्यांच्या गल्ल्यात हा रुपया निघेल त्यांनी तो बाजूला ठेवायला हरकत नाही. मात्र केवळ परदेशी खुणेमुळे नशीब फळफळेल अशी अपेक्षा बाळगू नये. अशा नाण्यांचीही संख्या मोठी होती.

या खुणांना एवढे महत्त्व का, हे संग्राहकाची वृत्ती ध्यानात घेतल्यावर कळते. बहुतेक संग्राहक सुटे नाणे जमवत नाहीत, ते मालिका पूर्ण करतात. दोन रुपयांच्या एका प्रकाराची प्रत्येक साल आणि प्रत्येक टाकसाळ अशी जोडी त्यांना हवी असते. एखाद्या वर्षी एखाद्या टाकसाळीने ते नाणे थोडेच पाडले असेल, तर मालिकेतील ती एक जागा सर्वांचीच रिकामी राहते आणि त्या नाण्यासाठी चढाओढ लागते. म्हणजे शेजारच्या सालाचे तेच नाणे दोन रुपयांनाच जाते आणि हे मात्र त्याच्या कित्येक पट भाव खाते. सामान्य माणसाच्या डोळ्यांना दोन्हींत काडीचाही फरक दिसत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नाणी टाकसाळीतून रिझर्व्ह बँकेमार्फत प्रदेशनिहाय बँकांकडे जातात. त्यामुळे एखाद्या टाकसाळीची विशिष्ट सालची नाणी विदर्भात क्वचितच दिसतील आणि पूर्वेकडील राज्यांत मात्र त्यांचा सुळसुळाट असेल. यवतमाळच्या बाजारात न दिसणारे नाणे देशात दुर्मिळ असेलच असे नाही.

धातूतील बदलही नाणे पारखण्याची महत्त्वाची किल्ली ठरते. एक रुपयाचे नाणे १९९२पासून पोलादाचे झाले. त्याआधीचा रुपया तांबे-निकेलच्या मिश्रणाचा होता. दोन रुपयांच्या नाण्यात हा बदल २००५च्या सुमारास, पाच रुपयांच्या नाण्यात २००७मध्ये झाला. तांबे-निकेलचे नाणे लोहचुंबकाला चिकटत नाही, पोलादाचे चिकटते. ज्या सालात जुना आणि नवा असे दोन्ही धातू वापरले गेले, त्या सालच्या नाण्यांचे वेगळे प्रकार मानले जातात. पाच रुपयांचे नऊ ग्रॅम वजनाचे जाडजूड नाणे बंद होण्यामागे धातूच्या वाढत्या किमती हे कारण होते. नाणी वितळवून धातू काढण्याचे आणि सीमेपलीकडे नेण्याचे प्रकार त्या काळात गाजले. २०११च्या नाणे कायद्यानुसार चलनी नाणे वितळवणे वा नष्ट करणे हा गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

अवस्था हीच खरी किंमत

साल, टाकसाळ आणि प्रकार सारखे असतानाही एकाच नाण्याच्या दोन प्रतींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तो अवस्थेमुळे. चलनात कधीही न आलेले, टाकसाळीतील मूळ झळाळी कायम असलेले नाणे सर्वांत वरच्या श्रेणीचे. त्याखाली किंचित झीज, मध्यम झीज, बरीच झीज अशा पायऱ्या येतात. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये तेथील मोठ्या सेंटच्या नाण्यांसाठी एक ते सत्तर अशी गुणश्रेणी मांडली. आज जगभर आणि भारतातील लिलावांतही तीच पद्धत वापरली जाते. झीज ओळखण्यासाठी नाण्याचा सर्वांत उंच भाग पाहावा लागतो. आपल्या नाण्यांवर सिंहांचे चेहरे आणि आयाळीचे केस प्रथम गुळगुळीत होतात. नाणे हातात धरून दिव्याखाली हळूहळू फिरवले असता नव्या नाण्यावर प्रकाशाची एक रेघ चक्राकार फिरताना दिसते. वापरलेल्या नाण्यावर ती दिसत नाही. ही चमक आणि पॉलिशने आणलेली चमक यांतला फरक जाणकाराला क्षणात कळतो.

साध्या नाण्याच्या बाबतीत अवस्थेचे महत्त्व आणखी वाढते. कोट्यवधी प्रती असलेल्या नाण्याची झिजलेली प्रत कोणीच विकत घेत नाही, कारण ती कोणाच्याही खिशात मिळते. त्याच नाण्याची वीस-तीस वर्षे निर्दोष राहिलेली प्रत मात्र खरोखरच कमी असते. नवी नाणी टाकसाळीतून पिशव्यांत भरून निघतात तेव्हाच एकमेकांवर आदळून त्यांना ओरखडे पडतात. ॲल्युमिनियमच्या नाण्यांची स्थिती अधिक बिकट. एक पैशाचे चौकोनी, दोन पैशांचे नागमोडी कडांचे, तीन पैशांचे षटकोनी अशी ही हलकी नाणी १९६०च्या दशकाच्या मध्यापासून आली. मऊ धातूमुळे ती लवकर झिजली, वाकली. पुढे महागाईने त्यांचा उपयोगही संपवला. अखेर २५ पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११पासून चलनातून बाद झाली. चकचकीत, न वाकलेले तीन पैसे आज संग्राहकाला हवे असतात. मळकट आणि दबलेले तीन पैसे त्याला नको असतात.

वीस पैशांच्या पितळी नाण्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. कमळाचे चित्र असलेले हे नाणे १९६८मध्ये आले. १९६९मध्ये गांधीजन्मशताब्दीनिमित्त त्याच किमतीचे गांधीजींच्या मुद्रेचे नाणे निघाले. त्यात सोने असल्याची अफवा त्या काळी गावोगाव पसरली आणि अनेकांनी ते जपून ठेवले. सोन्याचा त्यात अंशही नाही. तो तांबे, निकेल आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. लोकांनी जपल्यामुळेच ते आज मुबलक आहे, हा विरोधाभास लक्षणीय म्हणावा लागेल. सर्वांनी जपलेली वस्तू दुर्मिळ होत नाही. स्मारक नाण्यांचेही बरेचसे तसेच झाले आहे. १९६४चे नेहरूंचे, १९८५चे इंदिरा गांधींचे, १९९०चे डॉ. आंबेडकर जन्मशताब्दीचे, १९९९चे छत्रपती शिवाजी महाराज व संत ज्ञानेश्वर यांची नाणी महाराष्ट्रातील घरांत श्रद्धेने ठेवलेली आढळतात. त्यांना संग्रहात स्थान निश्चित आहे, परंतु चलनातील सामान्य प्रतीला दर्शनी किमतीपेक्षा फार अधिक मिळत नाही. टाकसाळीने संग्राहकांसाठी वेगळ्या पेटीत विकलेल्या, आरशासारख्या पृष्ठभागाच्या प्रतींचा भाव वेगळा. त्याही घेतेवेळी दर्शनी किमतीहून बऱ्याच महाग असतात आणि पुढे त्या किमतीला विकल्या जातीलच याची खात्री नसते.

कडी लावलेला रुपया

यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या नाण्यांचा विचार करताना दागिन्यांचा विषय टाळता येत नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातील बंजारा तांड्यांमध्ये, तसेच गोंड व कोलाम वस्त्यांमध्ये चांदीच्या रुपयांच्या आणि अधेल्यांच्या माळा पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. रुपयाला भोक पाडून किंवा वरच्या कडेला कडी जोडून तो ओवला जातो. संग्राहकाच्या दृष्टीने भोक वा डाग दिलेले नाणे सदोष ठरते आणि त्याची किंमत चांदीच्या पातळीवर उतरते. कडी काढून टाकली तरी डागाची खूण राहतेच. उलट ती काढताना नाणे आणखी बिघडते. अशी माळ फोडून एकेक नाणे विकण्यात फायदा नाही. मूळ गुंफणीसह अखंड असलेली माळ लोककलेचा नमुना म्हणून पाहिली जाते. तिचा ग्राहक वेगळा, मोलही वेगळे.

तरीही माळ मोडीत देण्यापूर्वी प्रत्येक रुपयाचे साल वाचणे शहाणपणाचे आहे. त्यासाठी चांदीचा साधा हिशेब माहीत असावा. ब्रिटिशकालीन कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमके एक तोळा. तोळ्याचे माप रुपयाच्या वजनाशीच बांधलेले होते. आज सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, हे ध्यानात ठेवावे. १९३९पर्यंतच्या रुपयात बाराव्या हिश्शाची खोट वगळता उरलेली चांदी असे, ती भरते सुमारे १०.७ ग्रॅम. म्हणजे न झिजलेल्या साधारण ९४ रुपयांत एक किलो शुद्ध चांदी होते. १९४०पासून १९४५पर्यंतच्या रुपयात चांदी निम्मीच आहे आणि एका किलोसाठी असे सुमारे १७२ रुपये लागतील. राजाचा चेहरा सारखाच असल्याने ही दोन प्रकारची नाणी एकाच ढिगात मिसळली जातात. ज्याला साल वाचता येत नाही त्याला पूर्ण चांदीच्या रुपयाचा अर्ध्या चांदीचा भाव मिळण्याचा धोका असतो. नातीचे लग्न किंवा पेरणीचा खर्च अंगावर आल्यावर बाईच्या गळ्यातली माळ सराफाकडे जाते, तेव्हा हा फरक लहान नसतो.

चांदीचा भाव चढला, की सामान्य सालांचे रुपये पोत्यांनी वितळतात. त्यातून उरलेल्यांची संख्या दरवेळी घटते. आजचे साधे नाणे उद्याचे दुर्मिळ होते ते बहुतांशी या मार्गाने. टाकसाळीचे आकडे जुनेच राहतात. भट्टीत काय गेले याची नोंद मात्र कोठेच होत नाही.

जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर आणखी एक प्रकार आढळतो. पैनगंगेच्या पलीकडचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि तेथे ‘हाली शिक्का’ चालत असे. उमरखेड, महागाव, केळापूर या तालुक्यांचे पलीकडे हाट-बाजार, सोयरिकी असल्याने जुन्या घरांत चारमिनारचे चित्र असलेली ही नाणी निघणे नवलाचे नाही. ब्रिटिश रुपयापेक्षा त्यात चांदी कमी असे आणि सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये असा विनिमयाचा दर होता. नाण्यावरील साल हिजरी असते. चारमिनारच्या कमानीत कोरलेल्या एका अक्षरावरून राजवट ओळखता येते : ‘मीम’ असल्यास महबूब अली खान, ‘ऐन’ असल्यास उस्मान अली खान. ही नाणी अक्षरओळख नसल्याने अनेकदा ‘मुसलमानी जुने नाणे’ एवढ्याच वर्णनाने विकली जातात. साल लावता आले, तर सामान्य आणि दुर्मिळ हे वेगळे करता येते.

घासून किंमत घटते

लक्ष्मीपूजनाला रुपया चिंचेने, राखेने किंवा भांड्यांच्या पावडरीने लख्ख घासण्याची पद्धत घरोघरी आहे. पूजेच्या दृष्टीने ते योग्य. संग्रहाच्या दृष्टीने ते नाण्याचे मरण आहे. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेला काळसर-निळसर थर आणि तांब्यावरचा तपकिरी थर संग्राहकाला हवा असतो, कारण पृष्ठभाग मूळचा असल्याची ती साक्ष असते. घासलेल्या नाण्यावर भिंगातून बारीक समांतर रेघा दिसतात आणि भाव कोसळतो. हळद-कुंकू आणि पंचामृताचे अंश आकड्यांच्या खाचांत अडकून धातू खातात, ते वेगळेच. पूजेसाठी एखादे ठरावीक झिजलेले नाणे ठेवावे, बाकीची कागदी वा प्लॅस्टिकच्या योग्य पाकिटात कोरड्या जागी असावीत. मऊ, वासाच्या स्वस्त प्लॅस्टिकमध्ये काही काळाने नाण्याला हिरवट चिकट थर येतो. नाणे धरायचे ते कडेने. पृष्ठभागावर बोट टेकले तर घामाचा ठसा कायमचा उमटू शकतो.

टाकसाळीची चूक आणि माणसाची करामत

सदोष नाण्याला भाव येतो, हे अर्धसत्य आहे. दोष टाकसाळीत घडलेला असला पाहिजे. ठसा मध्यावरून सरकून चित्र एका बाजूला गेलेले, चकतीची कड चंद्रकोरीसारखी कापली गेलेली, एका बाजूच्या तुलनेत दुसरी बाजू फिरलेली अशी नाणी कधीमधी तपासणीतून निसटतात. पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहिले आणि पुढची चकती त्याखाली आली, तर त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचे चित्र व दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे, खोलगट उमटते. हिंदी भाषक संग्राहक त्याला ‘लखी’ म्हणतात. या प्रकारांना मागणी आहे. दोष जितका ठळक आणि सालाचा आकडा जितका स्पष्ट, तितका भाव अधिक.

मात्र रुळावर ठेवून चपटे केलेले, ॲसिडमध्ये बुडवून पातळ केलेले, हातोडीने ठोकलेले नाणे हे दुखापत झालेले नाणे असते, सदोष नव्हे. ‘शोले’ (१९७५) चित्रपटातील जयच्या नाण्याप्रमाणे दोन्ही बाजूंना छापाच असलेले नाणे कोणी दाखवलेच, तर कडेवरचा जोड शोधावा. दोन नाणी कापून एकत्र चिकटवण्याची ती जादूगारांची जुनी युक्ती आहे.

याच वर्गात राम-सीता-हनुमान यांची चित्रे आणि १८१८ वगैरे साले असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणी मोडतात. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. यात्रांमध्ये विकल्या जाणाऱ्या या अलीकडच्या चकत्या आहेत. तांदळाचे दाणे ओढून घेणाऱ्या तांब्याच्या नाण्याला अंतराळ संस्था कोट्यवधी रुपये देतात, ही तर निव्वळ फसवणुकीची कथा. ‘राइस पुलर’ या नावाने ती राज्यभर अनेकांना गंडवून गेली आहे.

लाखाची जाहिरात

सर्वाधिक गोंधळ वैष्णोदेवीची प्रतिमा असलेल्या पाच व दहा रुपयांच्या नाण्यांनी घातला. श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२मध्ये ती निघाली, चलनात आली आणि आजही चालतात. त्यांना लाखांत भाव असल्याची आवई विक्री-संकेतस्थळांवरील जाहिरातींतून उठली. अशा ठिकाणी कोणीही कोणत्याही वस्तूपुढे कोणताही आकडा लिहू शकतो. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. भाव पाहायचा तो संपलेल्या लिलावांच्या निकालांत. मुंबई, बंगळूरु येथील लिलावगृहे ते छापील सूचीसह जाहीर करतात. व्यापाऱ्याचा खरेदीभाव त्याच्या विक्रीभावाहून बराच कमी असणार, हेही गृहीत धरावे. त्याला तेच नाणे महिनोन् महिने गिऱ्हाइकाची वाट पाहत ठेवायचे असते.

फसवणुकीची रीत ठरलेली आहे. नाण्याचा फोटो मागवला जातो, लाखोंची बोली कळवली जाते आणि मग नोंदणी शुल्क, कर, कमिशन अशी नावे सांगून विकणाऱ्याकडूनच पैसे घेतले जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्हही सर्रास वापरले गेले. त्यावर ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेने निवेदन काढून, आपण अशा कोणत्याही व्यवहारात नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे स्पष्ट केले. खरा ग्राहक पैसे देतो, मागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.

दहा रुपयांच्या नाण्याबद्दलची अफवा याच्या उलट दिशेची. रुपयाचे चिन्ह असलेले खरे आणि नसलेले खोटे, अशा समजुतीने दुकानदार ते नाकारत. हे चिन्ह नाण्यांवर २०११पासून आले. त्याआधीची नाणी त्याशिवायच आहेत. जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने तोवर निघालेले चौदाही प्रकार वैध असल्याचे जाहीर केले. पन्नास पैशांचे नाणेही बाद झालेले नाही. कायद्याने दहा रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी ते स्वीकारावे लागते.

कायद्याची चौकट

शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरते. ते बाळगता येते, परंतु त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. ही रेषा दरवर्षी एक वर्षाने पुढे सरकते. पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीतील सुरुवातीची नाणी त्यात केव्हाच आली आहेत.

नांगरटीत, विहिरीच्या खोदकामात किंवा जुनी भिंत पाडताना नाण्यांचा गाडगे-मडके सापडले, तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. सापडलेली नाणी वाटून घेणे वा सराफाकडे नेणे हा गुन्हा ठरतो. कायद्यात शोधणाऱ्याच्या हिश्शाचीही तरतूद आहे, ही बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. विदर्भात अशा रीतीने मिळालेल्या अनेक निधींतील नाणी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. अशी नाणी सापडली त्या स्थितीत, मातीसह आणि ज्या भांड्यात होती त्यासह सोपवणे अपेक्षित असते. कोणती नाणी कोणासोबत पुरली गेली यावरूनच अभ्यासक त्यांचा काळ ठरवतात.